आजची भाकर आज

रविवारी उपासनेला बसलं की मन भरून येतं. गीतं, वचन, संदेश, प्रभुभोजन, शेवटी पाळकांनी हात उंचावून दिलेला आशीर्वाद. बाहेर पडताना वाटतं, आता आठवडाभर काही कमी पडणार नाही. आणि मंगळवारच्या दुपारपर्यंत त्यातलं काहीच उरलेलं नसतं. विश्वास जागेवर असतो, देव आहे याबद्दल तिळभर शंका नसते, पण आतून रितं रितं वाटत राहतं. माझी कितीतरी वर्षं अशी गेली. रविवार ते रविवार. मधले सहा दिवस कसेबसे ओढायचे.

मी रुग्णालयात परिचारिका आहे. वॉर्डात मला सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. दिवसपाळी, दुपारपाळी, नाइट असं चक्र फिरत असतं. माझा प्रश्न साधा होता. ख्रिस्ताने ‘जीवनाची भाकर मीच आहे, माझ्याकडे येणाऱ्याला कधीही भूक लागणार नाही’ असं म्हटलं आहे, तर मग मला बुधवारी भूक का लागते? मला दर्शनं नको होती, चमत्कार नको होते. साध्या, दमवणाऱ्या, कुणाच्या लक्षातही न राहणाऱ्या दिवशी जीव तृप्त असावा, एवढंच हवं होतं.

उत्तराची पहिली खूण मिळाली ती बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात. मान्नाची गोष्ट लहानपणापासून ठाऊक होती: अरण्य, भुकेले लोक, सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर पडलेला अन्नाचा बारीक कण. पण त्या खेपेला वाचताना मी एका गोष्टीपाशी थांबले. माणशी एक ओमर, म्हणजे तेव्हाचं एक माप, एवढाच गोळा करायचा, आणि तो त्या दिवसापुरता. काहींनी उद्यासाठी म्हणून ठेवून दिला, तर सकाळी त्यात किडे पडले आणि दुर्गंधी सुटली. अन्न चांगलंच होतं, देवानेच दिलेलं होतं. ते फक्त साठवून ठेवायचं नव्हतं. एकदाच भलाथोरला साठा देऊन मोकळं होणं देवाला अशक्य नव्हतं, पण चाळीस वर्षं त्याने त्यांना रोज सकाळी तंबूबाहेर पडायला लावलं. मी मात्र रविवारी मिळालेलं शनिवारपर्यंत पुरवू पाहत होते. आणि प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत तर आपण नेहमीच म्हणतो, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ महिन्याची नाही, आठवड्याचीही नाही. ‘आज.’

हे कळणं वेगळं आणि रोज तंबूबाहेर पडणं वेगळं.

पहिली अडचण वेळेची. ‘पहाटे लवकर उठ आणि प्रभूबरोबर वेळ घालव,’ असं जो तो सांगतो. सांगणाऱ्यांचं चुकत नाही, पण ज्या बाईची पहाट वॉर्डात ताप-नाडी घेण्यात, औषधं देण्यात आणि रिपोर्ट लिहिण्यात जाते, तिने काय करायचं? आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक वयस्क मावशी आहेत. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून त्यांचं बाहेर जाणं जवळपास थांबलं आहे. पण मंडळीतल्या प्रत्येक घरासाठी त्या नावानिशी प्रार्थना करतात. एकदा त्यांच्याकडे गेले होते तेव्हा हे बोलणं निघालं. त्या म्हणाल्या, “अगं, तू ज्या वेळेला उठशील तीच तुझी सकाळ. नाइट करून दुपारी दोनला उठलीस तर दोन वाजता सकाळ. घड्याळ देवाला नको दाखवूस, आधी त्याच्यापुढे बस.” आणि मग त्यांनी मला स्तोत्र 134 उघडायला लावलं.

तीन ओव्यांचं स्तोत्र. नजरेतून सहज निसटावं असं. यरुशलेमेकडे जाताना गायच्या पंधरा आरोहणस्तोत्रांपैकी हे शेवटचं. त्यात हाक मारली आहे ती रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभं राहून सेवा करणाऱ्यांना. म्हणजे रात्रपाळीच्या लोकांसाठीही पवित्र शास्त्रात स्तोत्र आहे! इतकी वर्षं नाइट करत होते आणि ते मला ठाऊक नव्हतं. थोडंसं मागे, स्तोत्र 130 मध्ये, पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांपेक्षाही माझा जीव प्रभूची अधिक वाट पाहतो असं म्हटलं आहे, आणि तेच शब्द लगेच पुन्हा म्हटले आहेत. पहाटे चारच्या सुमारास, सगळा वॉर्ड शांत असताना आणि डोळे मिटत असताना, खिडकीत उजेड कधी दिसतो याची वाट ज्याने पाहिली आहे त्याला ती पुनरुक्ती समजावून सांगावी लागत नाही.

तेव्हापासून माझी वेळ ठरली: झोपेतून उठल्यावर, फोन हातात घेण्याआधी. ती किती वाजता येते हे महत्त्वाचं राहिलं नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात प्रभू मोठ्या पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला जातो, ती ओवी प्रत्येकाच्या परिचयाची आहे. पण तिच्या आधीची संध्याकाळ मी आजारी माणसांच्या संगतीत वाचली. सूर्य मावळल्यावर लोकांनी सगळे दुखणाईत त्याच्याकडे आणले, सगळं गाव दाराशी लोटलं. म्हणजे त्याच्या आदल्या रात्रीची ड्यूटी आमच्यासारखीच होती. सकाळी शिष्य त्याला शोधत येतात आणि म्हणतात, सगळे तुझा शोध करत आहेत. हे वाक्य मी दर तासाला ऐकते. ‘सिस्टर, सात नंबरवाले बोलावतायत. सिस्टर, सलाइन संपलं. सिस्टर, डॉक्टर शोधतायत.’ आणि प्रभू काय उत्तर देतो? चला, आपण जवळच्या दुसऱ्या गावांत जाऊ, तिथेही मला उपदेश करायचा आहे. गर्दी काय मागते यावरून त्याचा दिवस ठरला नाही. एकांतात पित्याजवळ बसून आल्यावर आज काय करायचं आणि काय नाही, हे त्याच्यापाशी स्पष्ट होतं. एकांत म्हणजे कामातून पळवाट, असं मला आधी वाटायचं. ते या उताऱ्याने पुसून टाकलं.

वेळ ठरली, आता त्या वेळेत करायचं काय? मी गुडघे टेकून लगेच प्रार्थनेला लागत असे. दोन-तीन वाक्यं देवाशी, की मन निघालं ड्यूटीच्या तक्त्याकडे, घरच्या कामांकडे, कालच्या बोलाचालीकडे. ओढून आणायचं, पुन्हा निघायचं. यात मला मदत झाली ती जॉर्ज म्युलर यांच्या अनुभवाची. हे एकोणिसाव्या शतकातले गृहस्थ. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात त्यांनी हजारो अनाथ मुलांना सांभाळलं आणि त्यासाठी पैसे मागायला ते माणसांकडे गेले नाहीत, देवाकडे मागत राहिले. 1841 साली त्यांनी लिहून ठेवलं आहे की रोजचं पहिलं आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे आपला जीव प्रभूमध्ये आनंदित करून घेणं. आणि त्यासाठी त्यांनी क्रम बदलला. पूर्वी तेही उठल्याबरोबर प्रार्थनेला लागत आणि बराच वेळ मन भटकण्यातच जाई. मग ते आधी वचन वाचून त्यावर मनन करू लागले, आणि त्या मननातूनच प्रार्थना आपोआप निघू लागली. प्रार्थनेत एवढा मुरलेला माणूसही भटकत होता, हे वाचून मला फार धीर आला.

मीही क्रम बदलला. आधी ऐकायचं, मग बोलायचं. हे अगदी स्वाभाविक आहे असं आता वाटतं. आपण प्रार्थना म्हणजे संवादाची सुरुवात समजतो, पण देव आधीच बोललेला असतो. आपण उत्तर द्यायला बसायचं असतं.

वाचायचं ते हळू आवाजात, पण ओठ हलवून. डोळे पुढे पळतात, तोंडाला मात्र प्रत्येक शब्दापाशी जावं लागतं. मजकूर थोडाच घ्यायचा. बाराव्या शतकात दुसरा गीगो नावाचा एक मठवासी होऊन गेला. त्याने या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवापुढे नुसतं स्वस्थ असणं. पहिल्या तीन मला लवकर जमल्या. चौथी अजून क्वचितच जमते, आणि जमते तेव्हा मी ती जमवलेली नसते.

एक उदाहरण सांगते, कारण नुसतं ‘मनन करा’ म्हटलं की हातात काही येत नाही. एकदा मार्काचा पाचवा अध्याय चालू होता. याईराची मुलगी मरणाच्या दारात आहे, प्रभू तिच्याकडे निघाला आहे, वाटेत बारा वर्षं रक्तस्रावाने पीडलेली बाई त्याच्या वस्त्राला शिवते. पहिल्या दिवशी त्या बाईपाशीच राहिले. तिने पुष्कळ वैद्यांच्या हातून पुष्कळ हाल सोसले, जवळचं सगळं खर्च केलं आणि गुण येण्याऐवजी दुखणं वाढलं, असं मार्क लिहितो. अशी माणसं मी रोज पाहते. फायलींचा गठ्ठा छातीशी धरून आलेली, तीच हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगताना थकलेली. प्रभूने गर्दीत थांबून तिला सगळं सांगू दिलं. याईर शेजारी तळमळत उभा असताना सांगू दिलं. त्या दिवशी ड्यूटीवर मी एका आजींची हकिकत मध्येच न तोडता ऐकली. इतर काही विशेष घडलं नाही, पण प्रभू माझ्या शेजारी उभा राहून तीच हकिकत ऐकतो आहे अशी खात्री त्या दिवशी मला होती.

दुसऱ्या दिवशी पुढचा भाग. मुलगी उठते, चालू लागते, ती बारा वर्षांची होती. घरात आश्चर्याला पारावार नाही. आणि मेलेल्या मुलीला उठवणारा प्रभू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. मी त्या ओळीवर किती वेळ बसून होते कोण जाणे. मरणावर सत्ता चालवल्यानंतर लगेच त्याच्या लक्षात आलं की मुलगी उपाशी असेल! हे परिचारिकेचं वाक्य आहे. पेशंट शुद्धीवर आला, तपासणी झाली, आता त्याच्या पोटात काही गेलं आहे का, हे बघणं आमचं काम असतं आणि ते कुणाला मोठं वाटत नाही. त्या सकाळपासून मला ते लहान वाटलेलं नाही. माझ्या हातून होणारं बारीकसारीक काम प्रभूच्या लक्षात असतं, त्याला ते हवं असतं, हे मला उपदेशातून कळलं नव्हतं. एका ओवीशी पुरेसा वेळ बसल्यावर कळलं.

अशा बैठकीतून उठलं तरी दिवस पुढे पडलेलाच असतो, आणि सकाळी मिळालेलं दुपारच्या गोंधळात हरवतं. याचा विचार करताना ब्रदर लॉरेन्स भेटले. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या कार्मेली मठात स्वयंपाकघरात राबणारा हा साधा माणूस. आधी सैनिक होता, पुढे मठात भांडीकुंडी आणि चुलीपाशी राहिला. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्याला फरक करावासा वाटत नसे. हातातलं काम देवाच्या प्रीतीखातर करायचं आणि मधूनमधून मनातल्या मनात त्याच्याकडे वळायचं, एवढीच त्याची रीत. वाचायला सोपी आहे. पण मन वळवायचं आठवणार कसं?

मला आठवण करून देणारी गोष्ट माझ्या हातापाशीच होती. आम्हाला प्रत्येक पेशंटच्या आधी आणि नंतर हात स्वच्छ करावे लागतात. साबण-पाण्याने धुवायचे तर चाळीस ते साठ सेकंद, चोळायचं द्रावण असेल तर वीस ते तीस. तळवे एकमेकांवर, मग हातांच्या पाठी, बोटांच्या फटी, अंगठे, नखांची टोकं. हा क्रम अंगवळणी पडलेला असतो, त्यात डोकं लागत नाही. मी त्याला प्रार्थना जोडली. तळवे चोळताना पुढच्या पेशंटचं नाव मनात घ्यायचं. ‘प्रभू, मी आता यांच्याकडे जाते आहे, तूही चल.’ नंतर हात धुताना, ‘यांना मी तुझ्या हाती देते.’ बस. कुणाला दिसत नाही, कामाचा एक क्षण जात नाही. पाळी संपेपर्यंत किती वेळा मी देवाकडे वळलेली असते याची मोजदाद नाही. सुरुवातीला निम्म्या वेळा विसरायचे. मग हात ओले झाले की नाव ओठांवर येऊ लागलं. आणि ‘मी यांना तुझ्या हाती देते’ या शब्दांनी आणखी एक काम केलं. घरी जाताना सगळा वॉर्ड डोक्यात घेऊन जाण्याची माझी सवय हळूहळू कमी झाली.

इथे एक सांगायलाच हवं. या सगळ्याने देवाची मर्जी कमावता येते असं कुणी समजू नये. तारण कृपेने आहे, विश्वासाच्या द्वारे आहे, ते माझ्या सकाळच्या बैठकीवर अवलंबून नाही. अरण्यात मान्ना कुणी पिकवला नव्हता. बाहेर जाऊन वेचणं तेवढं लोकांकडे होतं. ज्या दिवशी माझी बैठक चुकते त्या दिवशीही मी त्याचीच मुलगी असते. फक्त उपाशी असते.

कामाच्या ठिकाणी एका वरिष्ठ बाईंकडून मला बराच काळ त्रास झाला. तपशील लिहीत नाही. त्या दिवसांत बैठकीला बसलं की स्तोत्र राहायचं बाजूला आणि मनात त्यांना द्यायची उत्तरं तयार व्हायची. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा. मी मावशींना विचारलं, “मनापासून निघत नसेल तरी करायची का?” त्या म्हणाल्या, “मनाची वाट बघत बसलीस तर कधीच करायची नाहीस. त्यांच्या गुडघेदुखीसाठी कर, मुलांच्या परीक्षेसाठी कर. एकदम क्षमेपर्यंत उडी मारू नकोस.” मी तसंच केलं. त्यांना शांत झोप लागू दे, इथपासून सुरुवात केली. सुरुवातीचे दिवस शब्द घशात अडकत. मग एका बैठकीत त्यांचं नाव घेतलं आणि नंतर उत्तरं तयार झालीच नाहीत, मी सरळ पुढच्या नावावर गेले. त्या बदलल्या का? फारशा नाही. माझ्या जिवावरचं ओझं मात्र उतरलं, आणि ती जागा मोकळी झाल्यावर तिथे आनंद राहू लागला. क्षमा न करता तृप्ती मिळेल, असं मला आता शक्यच वाटत नाही. प्रभूच्या प्रार्थनेतही भाकरीच्या लगेच पुढचं मागणं क्षमेचं आहे.

मग कोरडे महिने आले.

काही घडलं नव्हतं. दुःख नाही, पाप लपवलेलं नाही, सवयही मोडली नव्हती. रोज बसत होते, वाचत होते, आणि पानावरची अक्षरं पानावरच राहत होती. प्रार्थना छतापर्यंतही जात नाही असं वाटे. चौथ्या शतकात वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांनाही हा अनुभव होता. त्यांच्यातल्या इव्हाग्रियसने त्याला दुपारचा सैतान म्हटलं आहे: सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, खोलीचा कंटाळा येतो, आपण इथे का आहोत हेच कळेनासं होतं. हे वाचून रोग जुना आहे एवढं समाधान झालं. औषध वेगळं शोधावं लागलं.

मला दोन ठिकाणी आधार मिळाला. एक, स्तोत्र 88. बहुतेक विलापस्तोत्रं रडत सुरू होतात आणि शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, आणि त्याची पहिली हाक ‘माझ्या उद्धारक देवा’ अशी आहे. म्हणजे अंधारातून बोललेलं बोलणंही प्रार्थनाच असतं. मी तेच स्तोत्र रोज म्हणू लागले, माझ्याकडचे शब्द संपले होते म्हणून त्याचे उसने घेतले. दुसरा आधार 1 राजे 19 मधल्या एलीयाचा. मोठा विजय मिळवून आलेला संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि देव त्याला काय देतो? झोप. मग देवदूत उठवून भाकर आणि पाणी देतो. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. ‘वाट तुला फार लांबची आहे,’ एवढंच बोलणं. त्यानंतर चाळीस दिवसांनी होरेब पर्वत, आणि तिथे देवाचा तो शांत, मंद आवाज. सलग नाइट करून आलेल्या माणसाचा कोरडेपणा कधीकधी थकवाही असतो, हे मला देवदूताकडून शिकावं लागलं. मी बैठक लहान केली, झोप वाढवली. निर्गमातल्या त्याच अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना मिळतो आणि सातव्या दिवशी वेचायला जायचंच नाही, असंही आहे. विश्रांती ही देवाची आज्ञा आहे. सेवाभावी माणसं ती सर्वांत जास्त मोडतात.

कोरडेपणा कधी संपला ते मला सांगता येणार नाही. कुठली एक तारीख नाही. स्तोत्र 42 मध्ये कवी स्वतःच्याच जिवाला विचारतो, ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ आणि त्याला देवाची आशा धरायला सांगतो. स्तोत्र 43 धरून हा प्रश्न तीन वेळा येतो. एकदा विचारून भागलं नाही म्हणूनच ना? मीही विचारत राहिले. एके दिवशी वाचता वाचता पुन्हा एका शब्दापाशी थांबले, आणि लक्षात आलं की बरेच दिवस झाले, मी थांबू लागले आहे.

त्यानंतर माझी तृप्तीची कल्पनाच बदलली. मी तिला भावना समजत होते: डोळे भरून येणं, अंगावर रोमांच उठणं. ते होतं तेव्हा मी आभार मानते. पण प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस, म्हणजे फिलिप्पै इथल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिताना म्हटलं आहे की कोणत्याही परिस्थितीत समाधानी राहायला तो शिकला आहे. पोटभर असताना आणि भुकेला असताना, विपुलतेत आणि टंचाईत. हे तो बंदिवासातून लिहितो. शिकला, म्हणजे पौलालाही ते एका दिवसात आलेलं नव्हतं. आणि तृप्त माणूस रडत नाही असंही नाही. लाजराच्या कबरेपाशी प्रभू रडला, तेही त्याला आता उठवणार हे ठाऊक असताना. आमच्या वॉर्डात एक तरुण पेशंट गेला त्या रात्री मी बदलायच्या खोलीत जाऊन खूप रडले. त्या रडण्यात मी एकटी नव्हते, आणि सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्डाची माहिती सोपवताना, माझा आवाज स्थिर होता. हे पूर्वी मला जमत नसे.

झोपण्याआधी आता मी दिवस परत बघते. सोळाव्या शतकात लोयोलाच्या इग्नेशियसने ही रीत घालून दिली. आधी देवाचे आभार, मग त्याच्याकडे प्रकाश मागायचा, मग दिवस तासातासाने आठवायचा, चुकलेल्याची क्षमा मागायची, उद्याची तयारी त्याच्या हाती द्यायची. मला त्यातला आभाराचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘त्याचे सर्व उपकार विसरू नको,’ असं स्तोत्र 103 आपल्याच जिवाला बजावतं, कारण जीव विसरतोच. मी वहीत ओळभर लिहिते. बरं झालेल्या मुलाने जाताना हलवलेला हात. वेळेवर सापडलेली शीर. एका सहकारी मुलीने न सांगता भरून ठेवलेली ट्रॉली. लिहिताना कळतं की दिवसा ज्या वेळी देव कुठे दिसत नव्हता, त्या वेळीही तो तिथेच होता.

हे सगळं एकटीने चालत नाही, हेही लिहायला हवं. घरी बसून वाचते, मग रविवारी मंडळीत जायची गरज काय, असा विचार कधी मनात येतो. पण मान्ना वेचायला सगळी छावणी एकदम बाहेर पडत असे, आणि मापून पाहिलं तेव्हा ज्याने फार वेचला त्याला जास्त झाला नाही, थोडा वेचणाऱ्याला कमी पडला नाही. माझा कोरडा काळ मावशींच्या प्रार्थनेवर निभावला. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला मला स्वतःच्या हाताने स्वतःला देता येत नाही, तो दुसऱ्याकडून घ्यावा लागतो. रविवारची उपासना आता मला अधिक गोड लागते. तिने आठवडा ओढावा अशी मी तिच्याकडून अपेक्षा करत नाही, म्हणून असेल.

अलीकडे दोन तरुण सिस्टर माझ्यासोबत बसू लागल्या आहेत. एकीने हात धुताना माझे ओठ हलताना पाहिले आणि विचारलं, “ताई, तुम्ही काय म्हणता?” तिला सांगितलं, तिने मैत्रिणीला सांगितलं. आमच्या पाळ्या जुळतात त्या दिवशी ड्यूटीच्या आधी दहा मिनिटं आम्ही तिघी बसतो. स्तोत्र 119 घेतलं होतं, सगळ्यात लांब, 176 ओव्या. पण त्याचे आठ-आठ ओव्यांचे बावीस भाग आहेत, त्यामुळे एका बैठकीला एक भाग अगदी बरोबर बसतो. कोण वाचणार ते पाळीने ठरतं, आणि जिला ज्या शब्दापाशी थांबावंसं वाटेल तिथे सगळ्या थांबतात. धाकटी सिस्टर हमखास अशा जागी थांबते जिथे मी कधी थांबले नसते. परवा तिने विचारलं, “ताई, याच्यानंतर काय घ्यायचं?” फिलिप्पैकरांस पत्र घ्यायचं ठरलं आहे. चारच अध्याय आहेत, पण घाई करायची नाही असं तिघींचं एकमत आहे. पहिलं वाचन तिचं.